प्राणिहितरक्षक संस्थेतील निधिसंकलनाची नोकरी : अर्जापूर्वीची तयारी (कोल्हापूरच्या संदर्भात एक विवेचन)

सारांश

प्राण्यांच्या बाजूने समाजात, शासनदरबारी आणि न्यायालयात भूमिका मांडणाऱ्या स्वयंसेवी संस्थांमध्ये निधिसंकलन हे आता स्वतंत्र पद झाले आहे. समाजकार्य, वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखेच्या पदवीधरांसाठी हे नवे क्षेत्र असले, तरी त्याच्या पूर्वतयारीविषयी मराठीत फारसे पद्धतशीर लेखन आढळत नाही. प्रस्तुत लेखात या पदाचे स्वरूप, निधीचे स्रोत व त्यांना लागू होणारे कायदे, कोल्हापूर जिल्ह्यातील विशेष परिस्थिती आणि अर्ज करण्यापूर्वी उमेदवाराने करावयाची तयारी यांचे विवेचन केले आहे. निधिसंकलकाचे खरे भांडवल वक्तृत्व नसून विश्वासार्हता हे आहे आणि ही विश्वासार्हता कायदा, हिशेब व स्थानिक लोकमानस यांच्या अभ्यासातून निर्माण होते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : निधिसंकलन, प्राणिकल्याण, जनवकिली, सार्वजनिक विश्वस्त संस्था, सामाजिक उत्तरदायित्व निधी, कोल्हापूर.

१. प्रस्तावना

सत्कार्यासाठी लोकांपुढे हात पसरण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी स्त्रीशिक्षणासाठी गावोगाव फिरून वर्गणी जमविली. पुढे १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्रींच्या नावे महिला विद्यापीठास पंधरा लाख रुपयांची देणगी दिली, त्यामागे कर्व्यांनी मिळविलेला लोकविश्वास होता. तळेगावचा काच कारखाना पैसा फंडातून उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने मुष्टिफंडाच्या रूपाने घराघरांतील मूठभर धान्याला शैक्षणिक कार्यात स्थान दिले. मोठा दाता आणि मूठभर देणारा दाता हे निधिसंकलनाचे दोन्ही प्रवाह अशा रीतीने आपल्या परिचयाचे आहेत.

मात्र या सर्व उदाहरणांत ज्याच्यासाठी मागणे होते तो माणूस होता. तो विद्यार्थी शिकून मोठा झाला, त्याने संस्थेची कृतज्ञता व्यक्त केली, प्रसंगी स्वतः दाताही झाला. प्राण्यांसाठी निधी मागणाऱ्यास ही सोय नाही. ज्याच्यासाठी मागावयाचे तो मतदार नाही, तक्रारदार नाही आणि आभार मानणाराही नाही. त्यामुळे निधिसंकलकाच्या शब्दाखेरीज दात्याजवळ दुसरा पुरावा क्वचितच असतो. या पदाच्या तयारीला एरवीच्या नोकरीपेक्षा अधिक गांभीर्य येते ते याच कारणाने.

२. विवेचनाची उद्दिष्टे

१) प्राण्यांविषयी कार्य करणाऱ्या संस्थांचे प्रकार व त्यांच्या निधीच्या गरजा स्पष्ट करणे.
२) कोल्हापूर परिसरातील अलीकडील घटनांच्या आधारे स्थानिक लोकमानसाचा विचार करणे.
३) निधीच्या प्रमुख स्रोतांना लागू होणाऱ्या कायदेशीर तरतुदी समजावून देणे.
४) इच्छुक उमेदवारासाठी पूर्वतयारीचा क्रम सुचविणे.

३. दया, कल्याण आणि जनवकिली

प्राण्यांसाठी कार्य करणाऱ्या सर्वच संस्था एका प्रकारच्या नसतात. उमेदवाराने सर्वप्रथम हा भेद समजून घेणे आवश्यक आहे.

पहिला प्रकार दयाभावावर आधारित संस्थांचा होय. पांजरपोळ व गोशाळा या प्रकारात मोडतात. मुंबईचे पांजरपोळ १८३४ साली सर जमशेटजी जीजीभॉय आदींच्या पुढाकाराने स्थापन झाले. त्यापूर्वी १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या मोहिमेविरुद्ध मुंबईत दंगल झाली होती, ही त्याची पार्श्वभूमी. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वेच्छेने ‘लागा’ बसवून पांजरपोळाचा खर्च चालविला. एका अर्थाने नियमित देणगीची ही जुनी पद्धतच म्हणता येईल.

दुसरा प्रकार उपचार, निर्बीजीकरण, लसीकरण व बचावकार्य करणाऱ्या कल्याणकारी संस्थांचा आहे. मुंबईत १८७४ मध्ये स्थापन झालेली प्राणिक्रौर्य प्रतिबंधक संस्था आणि तिचे परळ येथील बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय हे त्याचे जुने उदाहरण होय.

तिसरा प्रकार जनवकिली करणाऱ्या संस्थांचा. या संस्था प्राण्यांची बाजू कायदा, धोरण, न्यायालय, उद्योग व लोकमत यांच्यापुढे मांडतात. जखमी बैलावर उपचार करणे हे कल्याणकार्य झाले. तो बैल जखमीच होऊ नये यासाठी वाहतुकीचे नियम अमलात आणावयास लावणे ही जनवकिली होय.

निधिसंकलनाच्या दृष्टीने हा भेद निर्णायक ठरतो. बरे झालेल्या वासराचे छायाचित्र दात्याला दाखविता येते. न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेचे छायाचित्र दाखविता येत नाही. जनवकिलीचे फळ उशिरा मिळते, कधी मिळतच नाही आणि मिळाले तरी ते एका संस्थेचेच आहे असे सिद्ध करणे कठीण असते. मात्र तिची व्याप्ती फार मोठी असू शकते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे ५३ कोटी ५८ लाख पशुधन आणि ८५ कोटी १८ लाख कोंबड्या व इतर पाळीव पक्षी होते. एवढ्या संख्येपर्यंत कोणतेही रुग्णालय पोहोचू शकत नाही, नियम मात्र पोहोचू शकतो. हे गणित दात्याला साध्या भाषेत पटवून देता येणे, ही जनवकिली संस्थेतील निधिसंकलकाची पहिली कसोटी होय.

४. कोल्हापूरचा संदर्भ

कोल्हापूर जिल्ह्याचे अर्थकारण पशुधनाशी घट्ट बांधलेले आहे. १९६३ साली स्थापन झालेला जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजेच ‘गोकुळ’, वारणेचा दूधव्यवसाय, सहकारी साखर कारखाने, चर्मोद्योग व कोल्हापुरी चप्पल, तांबडा-पांढरा रस्सा ही जिल्ह्याची ओळख आहे. बेंदराला बैलाची शिंगे रंगवून त्याला पुरणपोळीचा घास देणारे घर हंगामात त्याच बैलाला उसाच्या गाडीला जुंपते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. येथील माणसाला प्राण्यांविषयी प्रेम नाही असे समजून बोलणारा उमेदवार पहिल्याच बैठकीत अपयशी ठरेल. आणि प्रेम आहे म्हणून प्रश्न नाही असे समजणाऱ्याला या क्षेत्रात कामच उरणार नाही.

४.१ दोन हत्तींची प्रकरणे

२००७ मध्ये जोतिबा देवस्थानास देण्यात आलेल्या ‘सुंदर’ नावाच्या हत्तीस साखळदंडांत ठेवण्यात येत असल्याच्या तक्रारीवरून ‘पेटा इंडिया’ या संस्थेने मोहीम चालविली. हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात व पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जून २०१४ मध्ये सुंदरची रवानगी बंगळुरूनजीकच्या बन्नेरघट्टा उद्यानात झाली.

त्यानंतर अकरा वर्षांनी शिरोळ तालुक्यातील नांदणी येथील जैन मठाच्या ‘महादेवी’ ऊर्फ ‘माधुरी’ या हत्तिणीचे प्रकरण उद्भवले. १६ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला गुजरातमधील जामनगर येथील ‘वनतारा’ केंद्राशी संलग्न संस्थेकडे सुपूर्द करण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही व जुलैअखेरीस तिला हलविण्यात आले. जिल्ह्यात तीव्र प्रतिक्रिया उमटली. ३ ऑगस्ट २०२५ रोजी नांदणीपासून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत पदयात्रा निघाली, एका दूरसंचार कंपनीच्या सेवेवर बहिष्काराचे आवाहन झाले आणि पुढे नांदणी परिसरातच हत्तिणीसाठी पुनर्वसन केंद्र उभारण्याचा प्रस्ताव चर्चेत आला.

या प्रकरणात कोणती बाजू योग्य होती याचा निर्णय करणे हा या लेखाचा विषय नाही. निधिसंकलनाच्या दृष्टीने त्यातून मिळणारा बोध मात्र महत्त्वाचा आहे. एका बाजूस हत्तिणीच्या प्रकृतीविषयी, एकटेपणाविषयी व मिरवणुकीतील वापराविषयीचे आक्षेप होते. दुसऱ्या बाजूस दशकानुदशकांचा सहवास आणि श्रद्धा होती. कायदेशीर बाजू भक्कम असूनही लोकांशी संवाद अपुरा राहिला, तर संस्थेचा विजय हाच तिच्याविषयीच्या अविश्वासाचे कारण होऊ शकतो. कोल्हापुरात प्राणिहितासाठी देणगी मागणाऱ्यास ‘महादेवीच्या वेळी तुम्ही कोठे होता?’ हा प्रश्न विचारला जाणारच. त्याचे उत्तर टाळणे म्हणजे देणगी गमावणे होय. आणि संस्थेच्या भूमिकेशी विसंगत उत्तर देऊन देणगी मिळविणे ही फसवणूक होय.

४.२ उसाचे बैल

हत्तींची प्रकरणे वृत्तपत्रांत गाजतात. बैलांचा प्रश्न मात्र प्रत्येक गाळप हंगामात रस्त्यावर दिसत असूनही अदृश्य राहतो. १९६५ च्या भारवाहू व ओझेवाहू प्राण्यांविषयीच्या नियमांनुसार जनावरांकडून दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा अधिक जुंपता येत नाही आणि तापमान ३७ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक असलेल्या भागात दुपारी बारा ते तीन या वेळेत कामाला लावता येत नाही. गाडीचा प्रकार व जनावराचा आकार यांनुसार वजनाच्या मर्यादाही ठरवून दिल्या आहेत. शेजारच्या सांगली परिसरात ‘अॅनिमल राहत’ ही संस्था २००३ पासून श्रमिक जनावरांसाठी कार्य करीत असून, बैलगाड्यांऐवजी ट्रॅक्टरने ऊस वाहून नेण्यासाठी तिने प्रयत्न केले आहेत.

या प्रश्नाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बैलजोडी हीच ज्याची उपजीविका आहे असा गाडीवान बहुधा मराठवाड्यातून उचल घेऊन आलेला ऊसतोड मजूर असतो. बैलाची बाजू मांडताना गाडीवानाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारे आवाहनपत्र अन्यायकारक तर ठरतेच, शिवाय ग्रामीण दात्याला ते पटतही नाही.

४.३ महापुराचा अनुभव

२००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांनी पंचगंगा खोऱ्यातील माणसांबरोबर जनावरांचीही हानी केली. गोठ्यातील जनावरे मागे राहतात म्हणून घर सोडण्यास तयार नसलेली कुटुंबे हा येथील मदतकार्याचा परिचित अनुभव आहे. ‘माणसे उपाशी असताना प्राण्यांसाठी पैसे का?’ या नेहमीच्या आक्षेपाला कोल्हापूरजवळ स्वतःचे उत्तर आहे. येथे म्हशीचा जीव आणि कुटुंबाचा संसार या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. उमेदवाराने असे उत्तर पुस्तकातून नव्हे, आपल्या परिसरातून शोधावे.

५. निधीचे स्रोत आणि कायदेशीर तरतुदी

निधिसंकलक कायदेतज्ज्ञ असण्याची अपेक्षा नसते. तथापि दात्याने विचारलेल्या प्राथमिक प्रश्नांची अचूक उत्तरे देता येणे अपरिहार्य आहे.

५.१ वैयक्तिक देणगी व आयकर सवलत

महाराष्ट्रातील बहुतेक धर्मादाय संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेकडे नोंदलेल्या असतात. दात्यास मिळणारी सवलत ‘८०-जी’ या नावाने परिचित आहे. २०२५ च्या नव्या आयकर अधिनियमात, ज्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून ठरविण्यात आला, कलमांचे क्रमांक बदलले आहेत, हे लक्षात ठेवावे.

या सवलतीविषयी सर्वसामान्यांत मोठा गैरसमज आढळतो. दहा हजार रुपये देणगी दिल्यास पाच हजार रुपये कर वाचतो, असे अनेकांना वाटते. वस्तुतः पन्नास टक्के वजावट म्हणजे पाच हजार रुपये करपात्र उत्पन्नातून वगळले जातात. तीस टक्के दराने कर भरणाऱ्या दात्याची प्रत्यक्ष बचत उपकर वगळता दीड हजार रुपये होते. ही वजावट जुन्या करप्रणालीचा पर्याय स्वीकारणाऱ्यासच मिळते. नवीन करप्रणालीत ती उपलब्ध नाही. दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवरही ती मिळत नाही. संस्थेने देणग्यांचे विवरण आयकर विभागास सादर करून दात्यास प्रमाणपत्र देणे बंधनकारक आहे. ‘कर वाचतो’ एवढेच सांगून देणगी घेणारा निधिसंकलक पुढील वर्षी त्याच दात्यासमोर खोटा ठरण्याची शक्यता असते.

५.२ कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार पाचशे कोटी रुपयांचे नक्त मूल्य, एक हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा यांपैकी कोणतीही एक अट पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करणे अपेक्षित आहे. सरासरी नफा दहा कोटी असेल, तर ही रक्कम वीस लाख होते. अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीत पर्यावरणविषयक बाबींबरोबर ‘प्राणिकल्याण’ हा शब्द स्पष्टपणे आलेला आहे. अनेक कंपनी अधिकाऱ्यांना याची कल्पना नसते; ती करून देणे हेच निधिसंकलकाचे पहिले काम ठरते.

शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल येथील औद्योगिक वसाहतींतील किंवा इचलकरंजीच्या वस्त्रोद्योगातील सर्वच उद्योग या मर्यादेत बसत नाहीत. लहान फाउंड्रीचा मालक हा कायद्याने बांधलेला दाता नसून स्वेच्छेने देणारा वैयक्तिक दाता आहे. त्याच्यापुढे कलम १३५ चा पाढा वाचणे निरर्थक होय. तसेच कंपन्या बहुधा मोजता येणाऱ्या कल्याणकार्यास पसंती देतात. न्यायालयीन लढा वा उद्योगांविरुद्धची मोहीम यांसाठी हा निधी मिळणे अवघड असते. जनवकिलीचा खरा आधार त्यामुळे लहान, नियमित, वैयक्तिक दाताच राहतो.

५.३ परदेशी योगदान

परदेशी योगदान (विनियमन) अधिनियम, २०१० व त्यातील २०२० ची दुरुस्ती यांनुसार संस्थेची स्वतंत्र नोंदणी आवश्यक असते. रक्कम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील विहित खात्यातच स्वीकारावी लागते, ती दुसऱ्या संस्थेकडे हस्तांतरित करता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली गेली आहे.

कोल्हापुरातील अनेक कुटुंबांतील मुले परदेशी असल्याने एक बारकावा ध्यानात घ्यावा. भारतीय पारपत्र धारण करणाऱ्या अनिवासी नागरिकाने स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी परदेशी योगदान मानली जात नाही. परंतु परदेशी नागरिकत्व स्वीकारलेल्या व्यक्तीची देणगी, ती व्यक्ती मूळची कोल्हापूरचीच असली तरी, परदेशी योगदान ठरते. एवढ्या एका फरकाचे अज्ञान संस्थेला अडचणीत आणू शकते.

५.४ शासकीय साहाय्य

महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये देशी गायीस ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले व त्याच सुमारास गोशाळांतील देशी गायींसाठी प्रतिदिन प्रतिगाय पन्नास रुपये अनुदानाची योजना मंजूर केली. वर्षाला हे प्रतिगाय १८,२५० रुपये होतात. भाकड म्हशीस, निवृत्त घोड्यास किंवा रस्त्यावरील कुत्र्यास असा आधार नाही. कोणत्या प्राण्याला समाजाचे व शासनाचे पाठबळ आहे आणि कोणाला नाही, याची जाण ठेवूनच निधीची मागणी कोठे करावी हे ठरवावे लागते.

६. अर्जापूर्वीची प्रत्यक्ष तयारी

पदाचे स्वरूप व कायदेशीर चौकट समजल्यानंतर उमेदवाराने पुढील क्रमाने तयारी करणे उपयुक्त ठरेल.

अ) संस्थेचे हिशेब वाचणे : सार्वजनिक विश्वस्त संस्थेच्या लेखापरीक्षित हिशेबांत ताळेबंद व उत्पन्न-खर्च पत्रक असते. किमान तीन वर्षांचे हिशेब समोर ठेवून तीन प्रश्न विचारावेत. उत्पन्नापैकी किती भाग एकाच दात्यावर अवलंबून आहे? संस्थेच्या ध्येयावर आणि निधी मिळविण्यावर किती खर्च होतो? निधी थांबल्यास संस्था किती महिने तग धरू शकेल? हिशेब दाखविण्यास टाळाटाळ करणाऱ्या संस्थेसाठी दात्याकडे पैसे मागावयास जाणे कितपत योग्य, याचा विचार उमेदवाराने नोकरीपूर्वीच करावा.

आ) संस्थेची भूमिका समजून घेणे : संस्था दुग्धव्यवसायाच्या विरोधात आहे की गोठ्यांतील सुधारणांच्या बाजूची? मांसाहारत्यागाचा प्रचार करते की वाहतूक व कत्तलीतील क्रौर्य कमी करण्यापुरते कार्य करते? बैलगाडा शर्यतींविषयी तिचे म्हणणे काय? सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रातील शर्यतींना अंतरिम परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्यांचे सुधारित कायदे वैध ठरविले. रस्त्यावरील कुत्र्यांच्या प्रश्नावरही ऑगस्ट व नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाचे महत्त्वाचे आदेश आले. दाता हे विषय हमखास काढतो. दूध उत्पादक जिल्ह्यात राहून आपण संस्थेची भूमिका मनापासून मांडू शकू काय, हा प्रश्न उमेदवाराने स्वतःला आधी विचारावा.

इ) क्षेत्रभेट : उसाच्या हंगामात कारखान्याच्या अड्ड्यावर, जनावरांच्या बाजारात, पशुवैद्यकीय दवाखान्यात व पांजरपोळात प्रत्येकी एक दिवस घालवावा. गाडीवान, पशुवैद्यक, कोंबडीविक्रेता यांच्याशी बोलावे. वर्णनात्मक नोंदी ठेवाव्यात. या नोंदी आवाहनपत्राचे खरे साहित्य ठरतात.

ई) लेखनाचा नमुना : एका पानाचे आवाहनपत्र मराठीत आणि एक प्रकल्प-प्रस्ताव इंग्रजीत तयार करावा. आवाहनपत्रात एक प्राणी, एक प्रश्न, एक उपाय व एक रक्कम असावी. प्रस्तावात उद्दिष्टे, कालावधी, अंदाजपत्रक आणि यशाची मोजणी यांचा समावेश असावा. ‘मुके जनावर’ यांसारख्या झिजलेल्या शब्दांपेक्षा ‘खांदा सुजलेला बैल’ अधिक बोलतो.

उ) संभाव्य दात्यांची यादी : गुजरीतील सराफ, मार्केट यार्डातील अडते, डॉक्टर, सनदी लेखापाल, निवृत्त प्राध्यापक, रोटरीसारखे सेवाभावी क्लब, जैन व गुजराती समाजाच्या संस्था अशा गटांचा अभ्यास करून त्यांतील कोण कोणत्या कार्यास साहाय्य करील याचा तर्कशुद्ध अंदाज मांडावा. व्यक्तींची खासगी माहिती मात्र परवानगीशिवाय गोळा करू नये.

ऊ) आकडेमोड : उदाहरणादाखल, निधिसंकलकावर संस्थेचा दरमहा तीस हजार रुपये खर्च होतो असे धरू. दरमहा तीनशे रुपये देणारे शंभर दाते मिळाले, तर केवळ त्याचा स्वतःचा खर्च निघतो. दोनशे दाते मिळाल्यास साठ हजार रुपये जमतील. त्यांतील पंचमांश दात्यांनी वर्षभरात देणे थांबविल्यास एकशे साठ दाते व अठ्ठेचाळीस हजार रुपये उरतील आणि खर्च वजा जाता प्राण्यांसाठी अठरा हजार शिल्लक राहतील. नवा दाता मिळविण्याइतकेच जुना दाता टिकविणे महत्त्वाचे का, हे या साध्या हिशेबावरून स्पष्ट होते. असा हिशेब स्वतः मांडून दाखविणारा उमेदवार मुलाखतीत उठून दिसतो.

ऋ) अनुभवाचे पुनर्वाचन : पूर्वानुभव नाही म्हणून अनेक पात्र उमेदवार अर्जच करीत नाहीत. महाविद्यालयीन स्नेहसंमेलनासाठी प्रायोजक मिळविणे, गणेशोत्सव मंडळाची वर्गणी व तिचा हिशेब सांभाळणे, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी साहित्य जमविणे, पूरग्रस्तांसाठी मदतफेरी काढणे हा सर्व निधिसंकलनाचाच अनुभव होय. अर्जात तो रक्कम, कालावधी व स्वतःचा नेमका वाटा यांसह नोंदवावा. सामूहिक यश स्वतःच्या नावावर मांडू नये.

७. नैतिक प्रश्न

या क्षेत्रातील काही प्रश्नांचा निर्णय नोकरी स्वीकारण्यापूर्वीच करणे हिताचे असते.

पहिला प्रश्न मोबदल्याचा. जमविलेल्या रकमेवर टक्केवारी देण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते. निधिसंकलकांच्या आंतरराष्ट्रीय व्यावसायिक संघटनेची आचारसंहिता अशा टक्केवारीस मनाई करते. टक्केवारीमुळे दात्याच्या हितापेक्षा तत्काळ रक्कम महत्त्वाची होते आणि दात्याने प्राण्यासाठी दिलेल्या पैशातून परस्पर दलाली जाते. उमेदवाराने ठरावीक वेतनाचा आग्रह धरणे म्हणूनच योग्य ठरते.

दुसरा प्रश्न चित्रणाचा. रक्तबंबाळ प्राण्याचे छायाचित्र पैसा आणते, परंतु वारंवार वापरल्यास दात्याचे मन बधिर होते. जुने किंवा अन्य ठिकाणचे छायाचित्र आपल्या कार्याचे म्हणून वापरणे हा तर उघड अपराध होय.

तिसरा प्रश्न दात्याच्या निवडीचा. उसाच्या बैलांविषयी मोहीम चालविणाऱ्या संस्थेने साखर कारखान्याची देणगी घ्यावी काय? घेतल्यास मोहिमेची धार बोथट होण्याचा धोका असतो. नाकारल्यास बैलांच्या उपचारकेंद्राचे पैसे जातात. देणगीच्या अटी लेखी असाव्यात, त्यांत भूमिका बदलण्याची अट नसावी आणि देणगी जाहीर करण्यास दोन्ही पक्षांची तयारी असावी, एवढी किमान कसोटी लावता येईल. जी देणगी उघडपणे सांगता येत नाही ती न घेणेच श्रेयस्कर.

८. मुलाखतीतील अपेक्षित प्रश्न

निवड समिती सामान्यतः पुढील आशयाचे प्रश्न विचारते : प्राण्यांसाठीच कार्य का करावयाचे आहे? नकार मिळाल्यावर काय कराल? पहिल्या तीन महिन्यांत काय साध्य कराल? संस्थेच्या एखाद्या भूमिकेशी मतभेद असल्यास काय? पहिल्या प्रश्नाला ‘लहानपणापासून प्राण्यांची आवड’ हे उत्तर अपुरे आहे, कारण आवड असणारे पुष्कळ असतात आणि मागण्याची तयारी असणारे थोडे. तिसऱ्या प्रश्नाला मोठ्या रकमेचे आश्वासन देण्याऐवजी जुन्या दात्यांच्या भेटी, देणगीपावत्यांची शिस्त व आभारपत्रांची नियमितता यांचा आराखडा सांगणे अधिक प्रामाणिक ठरते.

मुलाखत दुतर्फी असते, हेही विसरू नये. वेतन वेळेवर मिळते काय, उद्दिष्ट कोणी व कशाच्या आधारे ठरविले, यापूर्वीच्या निधिसंकलकाने नोकरी का सोडली, विश्वस्त स्वतः देणगी देतात व दात्यांच्या भेटीस येतात काय, हे प्रश्न उमेदवाराने नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावेत. ज्या संस्थेत निधिसंकलन हे एकट्या कर्मचाऱ्याचे ओझे मानले जाते, तेथे उत्तम उमेदवारही फार काळ टिकत नाही.

९. निष्कर्ष

१) दया, कल्याण व जनवकिली या तीन प्रकारच्या संस्थांच्या निधीच्या गरजा भिन्न आहेत, उमेदवाराने संस्थेचा प्रकार ओळखूनच अर्ज करावा.
२) जनवकिलीस कंपन्यांचा व शासनाचा निधी मर्यादित प्रमाणात मिळत असल्याने लहान व नियमित दात्यांचे जाळे हाच तिचा स्थायी आधार आहे. मुष्टिफंडाची परंपरा असलेल्या महाराष्ट्रास हा मार्ग अपरिचित नाही.
३) सुंदर व महादेवी यांच्या प्रकरणांनंतर कोल्हापुरात प्राणिहिताची भाषा स्थानिक श्रद्धा व उपजीविका यांना समजून घेऊनच बोलावी लागेल.
४) आयकर, सामाजिक उत्तरदायित्व निधी व परदेशी योगदान यांविषयीचे अचूक ज्ञान हे दात्याच्या विश्वासाचे पहिले पाऊल आहे.
५) समाजकार्य व वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमांत निधिसंकलन, विश्वस्त संस्थांचे हिशेब व प्रस्तावलेखन यांवर एखादा ऐच्छिक घटक समाविष्ट केल्यास स्थानिक पदवीधरांना या क्षेत्रात प्रवेश सुलभ होईल.

देणगीदाराच्या दारात उभा राहणारा निधिसंकलक स्वतःसाठी काही मागत नसतो, पण ज्याच्यासाठी मागतो तो त्याच्या शब्दाची साक्षही देऊ शकत नाही. म्हणूनच त्याचा प्रत्येक शब्द आणि प्रत्येक पावती तपासून घेता येण्यासारखी असली पाहिजे. अर्जापूर्वीच्या तयारीचे सार एवढेच आहे.